हाकोपाचा दुसरा फोटो

राऊकुरा माझी चुलत बहीण. हट्टीपणात तिचा हात धरणारं आमच्या नदीकाठी कुणी नाही, हे मी तिच्या तोंडावरही सांगत आले आहे. "तुला काय कळतंय, एरेना," एवढंच ती म्हणते आणि पुन्हा आपलंच खरं करते.

तिची उभी हयात गाजरं धुवायच्या शेडमध्ये गेली. बाराही महिने हात गार पाण्यात. बोटं अशी आखडली की सुईत दोरा ओवायला ती मला बोलवायची, आणि ओवून दिला की वर विचारायची, "एवढा वेळ लागतो होय?" नवरा हाकोपा डोंगरापलीकडचा, तळ्याकाठचा. आमच्याकडच्या तीन ज्वालामुखी डोंगरांना वळसा घालून जे रस्ते जातात त्यांच्यावर तो पातं लावलेला ग्रेडर चालवायचा. हिवाळ्यात बर्फ बाजूला सारायचा, उन्हाळ्यात खडी सारखी करायची, आणि डोंगरानं राख ओकली त्या साली राखही त्यानंच खरडली. घरी यायचा तेव्हा भुवयांपर्यंत करडा झालेला असायचा. राऊ त्याला दारातच उभा करून झाडूनं झटकायची. पोटचं मूल नव्हतं. माझ्या भावाची मुलगी त्यांनी वाढवली, ती ऑस्ट्रेलियात गेली ती तिकडचीच झाली. रविवारी तिचा फोन येतो, तोही आला तर.

म्हणजे हाकोपा गेल्यावर राऊकडे उरलं काय? एक घर, चार कोंबड्या आणि मी. त्यातली मी तिला फारशी आवडत नाही.

तो गेला तेव्हा तळ्याकाठची माणसं दोन गाड्या भरून आली, पुढे त्याची थोरली बहीण तुरूहिरा. हनुवटीवर गोंदण, हातात काठी. आली ती सरळ शवपेटीपाशी गेली आणि म्हणाली, "आमचा मुलगा आम्हांला द्या. त्याची नाळ तिकडं पुरलीय, तोही तिकडंच जाईल." आम्हीही गप्प बसलो नाही. मेलेल्या माणसावरून भांडायला कुणी आलं नाही तर ती त्या माणसाची बेअब्रू, त्यामुळे दोन्हीकडून यथासांग भांडण झालं. एकमेकांच्या आजोबा-पणजोबांची लफडी निघाली. राऊ तेवढी पेटीची कड धरून बसून राहिली. तिच्या त्या हाताकडे बघूनच असेल, पण दुसऱ्या दिवशी तुरूहिरा नमली. "देह तुमच्याकडं राहू दे," ती म्हणाली, "पण वर्षानं त्याचा चेहरा आमच्याकडं आणायचा. आणायचा म्हणजे दाखवून परत न्यायचा नाही. आमच्या भिंतीवर, बापाशेजारी राहील तो." राऊनं मान हलवली.

चेहरा म्हणजे फोटो. तोच, जो पेटीच्या उशाशी ठेवला होता. तीन दिवस जो जो आला तो त्या फोटोपाशी रडला, काचेला नाक लावून त्याचा निरोप घेऊन गेला. काच डागांनी धुरकट झाली होती. राऊनं ती वर्षभर पुसली नाही.

आणि वर्षभर ती त्या फोटोशी बोलत राहिली. आधी मला काळजी वाटली, मग सवय झाली. मी अंगणात आले की आतून ऐकू यायचं, "लाकडं ओली दिलीत मेल्यानं, धूर बघ किती." किंवा, "एरेना येतेय, आता तासभर उठायची नाही." मी मुद्दाम दोन तास बसायचे.

वर्ष भरत आलं तसं राऊचं खाणं कमी झालं. आम्हांला वाटलं, पुन्हा दुःख उसळलं असेल. खरं म्हणजे तिला फोटो द्यायचा नव्हता. दिलेला शब्द मोडायची सोय नव्हती आणि फोटो घरातून गेला तर घरात बोलायचं कुणाशी, हा प्रश्न होता. तिनं काय केलं, तर बसनं वांगानुईला जाऊन त्याच फोटोची दुसरी प्रत काढून आणली. जुन्या सामानाच्या दुकानातून तशीच लाकडी चौकट शोधली. त्यांना हा द्यायचा, आपला आपल्याकडे ठेवायचा. यातलं तिनं कुणालाही सांगितलं नाही, मला तर नाहीच.

अडचण एकच होती. आम्ही तीस माणसं बस करून तिच्याबरोबर जाणार होतो, आणि आमच्यातल्या प्रत्येकानं जुन्या काचेला नाक लावलेलं होतं. नवी लखलखीत काच बघून पहिल्या मिनिटाला कुणीतरी बोललं असतं.

पण जुलैतल्या, ऐन हिवाळ्यातल्या त्या शनिवारी बर्फ कोसळला. पूर्वेकडचा वाळवंटातला रस्ता बंद झाला, पश्चिमेकडच्या रस्त्याचा भरवसा नव्हता. बसवाल्यानं हात वर केले. म्हाताऱ्यांनी ठरवलं की पुढच्या आठवड्यात जाऊ, तळ्याकाठच्यांना तसं कळवू. राऊ म्हणाली, "ते लोक आज वाट बघतायत. मी पुढं जाते."

"एकटी?" मी म्हटलं. "मेलेल्या माणसाला घेऊन एकटं कुणी जातं का? फाटकावर त्यांच्या बायकांची स्वागताची साद आली तर उत्तर कोण देणार, गाडी?"

"मी देईन."

"तुझा आवाज कोंबड्या तरी ऐकतात का?"

"तू गप बस. नाक लाल झालंय तुझं, घरी जा."

फोटो चादरीत गुंडाळलेला होता. तिनं तो पुढच्या सीटवर ठेवला, पट्टा लावला आणि गेली. ती इतकी हलकी होऊन गेली की मला नवल वाटलं. दुपारी तिच्या कोंबड्यांना दाणे टाकायला गेले आणि भिंतीवर बघते तो हाकोपा माझ्याकडे बघतोय. काच धुरकट. तुरूहिरासमोर ही बाई खोटा फोटो घेऊन उभी राहणार होती, तीही एकटी. मी खुर्चीत बसले आणि हाकोपालाच म्हटलं, "तुझ्या बायकोचं डोकं फिरलंय." मग दार लावून घरी आले आणि कुणाला काही बोलले नाही.

पुढचं सगळं राऊनं मला नंतर सांगितलं, तेही तुकड्यातुकड्यानं.

आमचं राएतिही गाव सोडल्यावर तिनं सवयीनं बोलायला सुरुवात केली. "वायपर नीट चालत नाहीत बघ," ती म्हणाली. मग थांबली. घरचा फोटो तिला उत्तर देत होता असं नाही, तेवढी वेडी ती नाही. पण घरी बोललेलं कुठेतरी पोचायचं. गाडीत ते पोचेना. चादर बाजूला करून तिनं बघितलं. तेच डोळे, तीच टोपी, फोटो काढणाऱ्यावर आलेला तोच राग. कागद होता नुसता. "मग मी रेडिओ लावला," ती म्हणाली, "तर डोंगराच्या आडोशाला रेडिओही लागेना."

त्या रस्त्यावर बर्फ असला की आवाजच नसतो. उजव्या हाताला डोंगर असतो, पण ढगात. तो आहे हे तुम्हांला नुसतं ठाऊक असतं. राखेच्या तांबड्या चिरा, गवताचे पिवळे बुचके, सगळं गाडलेलं. मैलोन् मैल दुसरी गाडी नाही. तिला इतकं एकटं कधी वाटलं नव्हतं, असं राऊ म्हणाली. घरी तो नसूनही होता. इथे शेजारच्या सीटवर होता आणि नव्हता.

फाट्यावर रस्त्याची माणसं फाटक लावून उभी होती. पुढे झाडं आडवी झाली होती, ग्रेडर काम करत होता. बर्फावर घसरायला आलेल्या शहरी पोरांच्या गाड्यांची रांग लागली होती, हॉर्न वाजवत. राऊ रांगेत थांबली. तास गेला. भूक लागली तसा तिनं तळलेला पाव काढला, त्यावर लोणी फासलं आणि खायला लागली.

आता हे वाचून आमच्यातला कुणीही कानांवर हात ठेवील. मेलेला माणूस बरोबर असताना त्याच्यासमोर कुणी खात नाही. पाण्याचा घोटसुद्धा गाडीबाहेर जाऊन घ्यायचा आणि हात धुऊन परत यायचं. बारक्या पोरांनाही हे सांगावं लागत नाही. पण राऊच्या लेखी सीटवर मेलेला माणूस नव्हताच. कागद होता. म्हणून ती निवांत खात होती.

तेवढ्यात काचेवर टकटक झाली. रस्त्याचा मुकादम इहाका. ग्रेडर चालवायला त्याला हाकोपानं शिकवलेलं. राऊनं घाईघाईनं पाव मांडीखाली सारला आणि काच खाली केली.

"आंटी! अशा हवेत कुठं निघालात?" म्हणत तो वाकला आणि त्याची नजर सीटवर गेली. हसू गेलं. त्यानं डोक्यावरचं हेल्मेट काढलं. "घेऊन चाललात होय त्यांना," तो हळूच म्हणाला.

"हो."

"आणि माझ्या फाटकावर थांबवलं मी त्यांना? तासभर? बोलायचं नाही का, आंटी! बारक्या बर्फात गाडी थांबवली तर माझी सालटी काढायचे ते." तो वळसा घालून पलीकडच्या दाराशी गेला, दार उघडलं, गुडघ्यावर बसला. बर्फातच. "कोरो," घरच्या वडीलधाऱ्याला हाक मारावी तसा तो फोटोला म्हणाला, "तुमचा ग्रेडर अजून चालतोय. डावीकडं ओढतो, तुम्ही म्हणायचात तसाच. सहा जण आहोत आम्ही आता, पण तुमच्यासारखी रस्त्याची कड कुणाला घेता येत नाही. मला माफ करा, मी शेवटी भेटायला आलो नाही. यायचं होतं. येववलं नाही."

मग तो मोठ्यानं रडला. गाड्यांमधली पोरं बघत होती, त्याचं त्याला काही नव्हतं. काचेला कपाळ आणि नाक लावून तो बराच वेळ तसाच राहिला. राऊ पुढे बघत बसली होती, मांडीखाली पाव. लोणी स्कर्टमधून आत गेलं होतं.

"मला लाज वाटली," ती मला म्हणाली. "आणि एरेना, रागही आला. माझ्या नवऱ्याशी हा एवढं बोलतोय, आणि मला सकाळपासून एक शब्द सुचला नव्हता."

उठताना इहाकानं डोळे पुसले आणि नाकानं वास घेतला. "तळलेल्या पावाचा वास येतोय, आंटी."

"बाहेरून येत असेल," राऊ म्हणाली.

"बाहेर बर्फ आहे."

इहाकानं पुढे ताणलं नाही. रस्ता मोकळा झाल्यावर त्यानं सगळ्या रांगेला मागे ठेवून राऊची गाडी पुढे घेतली. स्वतः ग्रेडरवर चढला आणि पार तळ्याजवळच्या तुरांगी गावाच्या अलीकडच्या उतारापर्यंत तिच्यापुढे चालला, दिवे लावून, माणसाच्या चालीनं. वाटेत डोंगराच्या कुशीतून निघणारी वाफ दिसली, गंधकाचा वास गाडीत आला. राऊनं पाव केव्हाच बाहेर फेकला होता आणि बाटलीतल्या पाण्यानं हात धुतले होते. का धुतले ते तिला सांगता आलं नाही.

तळ्याकाठच्या मराएच्या, म्हणजे त्यांच्या कुळाच्या सभास्थानाच्या, फाटकापाशी ती पोचली तेव्हा पाऊस आणि बर्फ एकत्र पडत होते. समोर मोकळं अंगण, पलीकडे सभाघर, ओसरीवर काळ्या कपड्यांतल्या बायका. डोक्याला पाल्याच्या माळा. ती फोटो छातीशी धरून उभी राहिली. मागे कुणी नाही, बाजूला कुणी नाही. आमच्याकडचे तीस जण राएतिहीत शेकोटीपाशी बसलो होतो. पलीकडून तुरूहिरानं साद घातली. काय आवाज त्या बाईचा! आत्ताही ऐकलात तर अंगावर काटा येईल. ये, माझ्या भावाला घेऊन ये, तुमच्याकडच्या मेलेल्यांनाही घेऊन ये.

राऊनं तोंड उघडलं. जे बाहेर आलं ते तिचं तिलाच ओळखू आलं नाही. पण ती चालली. अंगण ओलांडेपर्यंत चालत राहिली.

फोटो ओसरीवर चटईवर ठेवला, भोवती हिरवा पाला. तुरूहिरानं तो उचलून मांडीवर घेतला आणि बघत राहिली. राऊला वाटलं, आता ही काठी उगारणार.

"काच नवी दिसते," तुरूहिरा म्हणाली.

"हो," राऊ म्हणाली.

तुरूहिरानं काचेवरून अंगठा फिरवला. खालच्या कोपऱ्यात इहाकाच्या कपाळाचा डाग तेवढा होता. "कुणीतरी रडलंय," ती म्हणाली, आणि पुढे काही विचारलं नाही. वाकली आणि भावाच्या नाकाला नाक लावलं. तिच्यामागून सगळ्या आल्या. बहिणी, भाच्या, त्याच्याबरोबर शाळेत गेलेले म्हातारे, लहानपणी त्याच्याशी लग्न करायचं म्हणून भांडलेली एक बाई. तिनं तर फोटोला शिव्याच घातल्या. "मला सोडून गाजरं धुणारी केलीस!" म्हणत ती रडली आणि मग राऊच्या गळ्यात पडून आणखी रडली. सगळे रडले, मग हसले, मग त्यानं चोरलेल्या होडीची गोष्ट निघाली तसे पुन्हा रडले. राऊला त्यातलं निम्मं ठाऊकच नव्हतं. ज्याच्याबरोबर जन्म काढला तो माणूस इथल्या लोकांकडे तिच्याहून जास्त शिल्लक होता, हे बघून तिला आत कुठेतरी लागलं.

जेवताना तुरूहिरा शेजारी बसली. "तुझी साद म्हणजे चहाची किटली," ती म्हणाली. "पण एकटी आलीस. बरं केलंस."

रात्र सभाघरात गेली, सगळे ओळीनं गाद्यांवर, फोटो मधोमध. सकाळी तो भिंतीवर लावायचा होता. बापाच्या फोटोशेजारी खिळा ठोकून तयार होता. राऊनंच उचलून द्यावा असं ठरलं. तिनं उचलला, रिवाज म्हणून नाकाला नाक लावलं. काच खारट होती. धुरकट झाली होती. आणि तो होता.

"होता म्हणजे?" मी विचारलं.

"होता म्हणजे होता," राऊ चिडून म्हणाली. "तुला सांगून कळणार आहे का?"

तिनं चौकट सोडलीच नाही. लोक थांबून राहिले. कुणी खोकलं. शेवटी तुरूहिरा काठी टेकत आली आणि तिनं राऊच्या आखडलेल्या बोटांवर हात ठेवला. "दे गं, बाई. इतकी वर्षं होता तुझ्याकडं." एकेक बोट तिनं सोडवलं. फोटो वर गेला.

निघताना तुरूहिरा गाडीपर्यंत आली. काच खाली करायला लावली. "तो जुना असू दे तुझ्याकडं," ती म्हणाली. "आम्ही नाही मागणार. घरात काहीतरी लागतंच माणसाला." राऊला वर बघायची हिंमत झाली नाही. ती नुसती "बरं" म्हणाली.

परतीच्या वाटेवर आभाळ निवळलं होतं. तिन्ही डोंगर पायथ्यापर्यंत पांढरे, स्वच्छ, वाफ सरळ वर जाणारी. हाकोपाला असा दिवस आवडायचा. तिनं तसं म्हणायला तोंड उघडलं आणि शेजारच्या सीटवर पट्टा नुसता लोंबत होता. फाट्यावर इहाकानं हात केला. तिनं गाडी थांबवली नाही.

दुसऱ्या दिवशी मी लाकडं घेऊन तिच्याकडे गेले. आतून बोलणं ऐकू येईल म्हणून अंगणात मुद्दाम रेंगाळले. आत शांत होतं. राऊ टेबलाशी बसली होती, कोट तसाच अंगावर. जुना फोटो भिंतीवरून काढून तिनं समोर ठेवला होता. चूल थंड.

"सगळं ठीक झालं ना?" मी विचारलं. "तुरूहिरा काही म्हणाली?"

तेव्हा तिनं सांगायला सुरुवात केली. सांगता सांगता चहा झाला, चूल पेटली, ऊन कललं. मी एकदाही मध्ये बोलले नाही, यावर माझ्या घरचे विश्वास ठेवणार नाहीत. सगळं सांगून झाल्यावर ती फोटोकडे बघत बसली.

"काल आल्या आल्या मी त्याला म्हटलं, आले रे," ती म्हणाली. "किती वेळा म्हटलं. पोचत नाही गं."

मी तिच्या हातावर हात ठेवला. एरवी तिनं झटकला असता. तिनं झटकला नाही. थोड्या वेळानं मी जायला उठले तशी तिनं ती चौकट उचलली, कोटाच्या बाहीनं काच स्वच्छ पुसली आणि माझ्यापुढे धरली.

"फोटो चांगला आलाय त्याचा," राऊ म्हणाली. "तुला हवा तर ने."